कधी परतायचं, आणि परतायचं का

३१ जानेवारी २०२५ ची रात्र. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना रंगात आला होता. भारताच्या डावाच्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा उसळता चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. दुबे अर्धशतक करून परतला, मध्यंतरात त्याचं डोकं दुखू लागल्याचं सांगण्यात आलं आणि त्याच्या जागी हर्षित राणा मैदानात उतरला. राणाने तीन बळी घेतले, भारत जिंकला. वाद पेटला तो मात्र भलत्याच मुद्द्यावर: अधूनमधून मध्यमगती मारा करणाऱ्या फलंदाजाच्या जागी पूर्ण वेळचा वेगवान गोलंदाज कसा चालतो? इंग्लंडचा कर्णधार बटलर चिडला, समालोचक चिडले, घराघरांत नियमांचा कीस पडला. दुबेच्या डोक्याची चौकशी त्या गदारोळात फारशी कुणी केली नाही. २ फेब्रुवारीला वानखेडेवर तो पुन्हा संघात होता. ३० धावा काढल्या, दोन बळीही घेतले. तेव्हाच्या नियमांत हे बसत होतं. त्याच वर्षी पुढे आयसीसीने ठरवलं, की कन्कशनचं, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचं, निदान झालेल्या खेळाडूने किमान सात दिवस सामन्यापासून लांब राहायचं.

क्रिकेटमध्ये मार चेंडूचा. रग्बी, कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध, फुटबॉल, आइस हॉकी या खेळांत माणसावर माणूस आदळतो, आणि तो आदळणारच, कारण खेळच तसा आहे. तिथे कन्कशन झालेल्या खेळाडूपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, ही दुखापत बरी झाली का? दुसरा, यापुढे हा खेळ खेळावा का? पहिल्याचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत बऱ्यापैकी हाती आलं आहे. दुसऱ्याचं कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. माझं म्हणणं असं, की आपण पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं धरून चालतो. डॉक्टरांनी 'फिट' असा कागद दिला, म्हणजे विषय संपला. पण त्या कागदावर फक्त मागच्या दुखापतीचा हिशेब असतो.

आधी दुखापत समजून घेऊ. मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो, आणि तो जेमतेम खरवसाइतका घट्ट असतो. डोक्यावर थेट फटका बसो, नाहीतर छातीवर धडक बसून मानेला जोराचा हिसका बसो, आत मेंदू हलतो, ताणला जातो, पिळला जातो. चेतापेशींचे लांब तंतू ताणले गेले की पेशींतून पोटॅशियम भसाभस बाहेर पडतं आणि कॅल्शियम आत घुसतं. ही घडी पुन्हा बसवायला पेशींना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या गिझा आणि होव्डा या संशोधकांनी २००१ मध्ये ही सगळी साखळी मांडली. बरं होण्याच्या काळात मेंदू इतका नाजूक का असतो, ते त्यातून कळतं: दुरुस्ती चालू आहे आणि गंगाजळी आटलेली आहे.

यात मोडतोड दिसेल असं काही नसतं, म्हणून सीटी स्कॅनमध्ये कन्कशन दिसत नाही. सीटी काढतात तो कवटीला तडा गेला आहे का, आत रक्तस्राव झाला आहे का हे बघायला. 'सीटी नॉर्मल आला, आता काही टेन्शन नाही' हे वाक्य आपल्याकडे दवाखान्यातून बाहेर पडताना हमखास ऐकू येतं. त्याचा खरा अर्थ इतकाच, की आज शस्त्रक्रियेची गरज नाही. दुसरा गैरसमज शुद्ध हरपण्याचा. खेळातल्या कन्कशनमध्ये दहातल्या नऊ जणांची शुद्ध जात नाही. खेळाडू उभा राहतो, चालतो, प्रश्नांना उत्तरं देतो. फक्त जरा उशिरा देतो. मग पाच मिनिटांत तिसऱ्यांदा विचारतो, 'आपला स्कोअर किती?' डोकं जड, गरगर, मळमळ, उजेड आणि गोंगाट नकोसा, विनाकारण चिडचिड, डोळ्यांत पाणी, झोपेचा विचका. काहींना हे सगळं तासाभराने, काहींना दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

कन्कशनसारखंच दिसणारं पण जिवावर बेतणारं काही आत चालू नाही ना, ही पहिल्या काही तासांची काळजी. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा होता. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये गेला. तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. तेव्हा वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, एकाचे दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, मान दुखणं, वाढती गुंगी किंवा असंबद्ध बडबड, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता मोठं रुग्णालय गाठायचं. अशा माणसाला पहिला दिवसभर एकटं सोडायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही, दारू तर नाहीच. रात्रभर झोपू द्यायचं नाही ही घरोघरी चालणारी समजूत मात्र सोडून द्यायला हवी. डॉक्टरांनी तपासलं असेल आणि वरची लक्षणं नसतील, तर झोप हवीच असते.

इथून बरं होण्याचा प्रवास सुरू होतो, आणि इथेच वैद्यकशास्त्राने स्वतःचं मत जवळपास उलटं केलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सल्ला असायचा: अंधारी खोली, मोबाईल बंद, पुस्तक बंद, शाळा बंद, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत नुसतं पडून राहायचं. ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटायचं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हे तपासून पाहिलं गेलं. आपत्कालीन कक्षात आलेल्या ११ ते २२ वयाच्या रुग्णांपैकी काहींना पाच दिवस कडक विश्रांती सांगितली, काहींना नेहमीप्रमाणे एक-दोन दिवस. कडक विश्रांतीवाल्यांनी जास्त लक्षणं सांगितली आणि ती जास्त दिवस टिकली. यात नवल नाही. सतरा वर्षांच्या चांगल्या धडधाकट पोराला आठवडाभर अंधारात कोंडून ठेवलं, मित्र तोडले, आणि दिवसातून चार वेळा 'डोकं दुखतंय का' विचारलं, तर ते दुखणारच.

मग बफेलो विद्यापीठातल्या जॉन लेडी यांच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी ट्रेडमिलवर हळूहळू वेग वाढवत रुग्णाला चालवलं आणि कोणत्या नाडीठोक्याला लक्षणं वाढतात ते टिपलं. त्याच्या खालच्या पातळीवर रोज व्यायाम करायचा. २०१९ मध्ये १०३ किशोरवयीन खेळाडूंवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. असा व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. चार दिवसांचा फरक फार नाही, पण दिशा पक्की झाली. आज सांगतात ते असं: पहिले २४ ते ४८ तास बेताने घ्यायचं, स्क्रीन कमी, घरातली साधी कामं चालतील, त्यानंतर चालणं, सायकल. व्यायामाने लक्षणं किंचित वाढली आणि तासाभरात खाली आली तर बिघडत नाही.

हे सगळं ज्या दस्तऐवजात एकत्र आलं आहे, ती खेळातल्या कन्कशनवरची आंतरराष्ट्रीय सहमती. पहिली परिषद २००१ मध्ये व्हिएन्नात झाली, सहावी २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला, तिचं निवेदन २०२३ मध्ये आलं. परतीच्या तिच्या सहा पायऱ्या आता जगभर वापरतात. आधी रोजचे व्यवहार. मग हलका आणि पुढे मध्यम व्यायाम. मग एकट्याने खेळाशी जवळचा सराव, ज्यात डोक्याला मार बसायची शक्यता नाही. इथपर्यंत थोडीफार लक्षणं असली तरी चालतं. चौथ्या पायरीला, म्हणजे संघाबरोबरच्या विनाधडक सरावाला, लक्षणं पूर्ण गेलेली हवीत. पाचवीला, म्हणजे धडकेच्या पूर्ण सरावाला, डॉक्टरांची परवानगी हवी. सहावी पायरी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने हौशी खेळाडूंसाठी याहून कडक वेळापत्रक घातलं आहे: लक्षणांशिवाय १४ दिवस गेल्यावरच धडकेचा सराव, आणि २१ दिवसांच्या आत सामना नाही. कारण सरळ आहे. व्यावसायिक संघात रोज तपासणारा डॉक्टर असतो. गावच्या क्लबात प्रशिक्षक, स्प्रेची बाटली आणि पाण्याचा जग असतो. जिथे तपासणारा नाही तिथे कॅलेंडरने तपासायचं. कबड्डी आणि कुस्तीच्या आपल्या तालुका पातळीवरच्या स्पर्धांना हेच मोजमाप लागू व्हायला हवं असं मला वाटतं.

शाळकरी मुलांचा क्रम वेगळा: आधी शाळा, मग मैदान. वर्गात चाळीस मिनिटं फळ्याकडे बघून ज्याचं डोकं ठणकतं, त्याने संध्याकाळी चढाई करायची नसते. आपल्याकडे उलटं होताना दिसतं. 'अभ्यास नको, डोकं दुखतं' म्हणणारं पोर सामन्याच्या दिवशी पहिलं मैदानावर हजर.

मोठ्या माणसांत दोन आठवडे, मुलांत चार आठवडे, इतक्यात बहुतेक जण बरे होतात. ज्यांची लक्षणं त्यापुढे टिकतात त्यांना 'मेंदूच बरा झालेला नाही' असं सरसकट सांगणं चूक आहे. डोकेदुखी पुष्कळदा मानेतून येते. गरगर आतल्या कानाच्या तोलयंत्रणेतून. वाचताना होणारा त्रास दोन डोळे एकत्र न वळल्यामुळे. प्रत्येकावर वेगळे उपचार आहेत, बरेचसे फिजिओथेरपीचे, आणि ते चांगले लागू पडतात. पूर्वीचा अर्धशिशीचा त्रास, चिंता, नैराश्य हेही बरं व्हायला वेळ लावतं. सुरुवातीच्या दिवसांत ज्याची लक्षणं जास्त, त्याला वेळ जास्त, हा अंदाज सगळ्यात खरा ठरतो. मुलींमध्ये एकाच खेळात कन्कशनचं प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त आढळतं, तरी बहुतेक जुने अभ्यास मुलग्यांवरच बेतलेले आहेत.

पायऱ्यांची ही शिडी एका लाकडावर उभी आहे: खेळाडूच्या सांगण्यावर. डोकं दुखतंय का, हे त्यालाच विचारावं लागतं. मेंदूच्या प्रथिनांच्या रक्तचाचण्या आल्या आहेत, अमेरिकेत २०१८ मध्ये एकीला मान्यताही मिळाली, पण ती सीटीची गरज आहे का एवढंच सांगते. मैदानात परतायचं का हे नाही. आणि खेळाडू तर लपवतात. अमेरिकन शालेय फुटबॉलपटूंच्या २००४ मधल्या एका अभ्यासात ज्यांना कन्कशन झालं होतं त्यांच्यातल्या निम्म्यांनीही ते कुणाला सांगितलं नव्हतं. मोठं कारण असं, की ते सांगण्याइतकं गंभीर वाटलं नाही.

कबड्डीच्या मॅटच्या कडेला उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. चढाईपटू घोट्याच्या पकडीतून सुटायला झेप घेतो, कोपरारक्षक खाली वाकलेला, एकाचा गुडघा दुसऱ्याच्या कानशिलावर. पोरगं क्षणभर चारी पायांवर. कुणीतरी मानेवर पाणी मारतो, कुणीतरी 'उठ, उठ, काय नाय' म्हणतो. ते उठतं, मान झटकतं, आणि आपल्या जागेच्या एक पाऊल बाजूला जाऊन उभं राहतं. ते एक पाऊल बघायला कुणी नेमलेलं नसतं. पंचांचं लक्ष रेषेवर, सरांचं गुणफलकावर.

मार लागल्यावर तसंच खेळत राहण्याची किंमत मोजली गेली आहे. २०१६ मधल्या एका अभ्यासात लगेच बाहेर बसलेले किशोरवयीन खेळाडू सरासरी २२ दिवसांत बरे झाले. खेळत राहिलेल्यांना ४४ दिवस लागले. सामन्यातली उरलेली पंधरा मिनिटं वाचवायला तीन आठवडे जास्तीचे गेले. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या २००३ मधल्या मोठ्या पाहणीत एकाच हंगामात दुसऱ्यांदा कन्कशन झालेल्या १२ जणांपैकी ११ जणांना ते पहिल्यानंतरच्या दहा दिवसांत झालं होतं. प्रशिक्षकाला पटवायला हे दोन आकडे पुरतात. त्याला पुढचा सामना दिसत असतो, म्हणून त्याच्याशी पुढच्या सामन्यांच्या भाषेतच बोलावं.

पण पैसा, डॉक्टर, कॅमेरे सगळं असूनही काय होतं ते २०२२ च्या सप्टेंबरात साऱ्या अमेरिकेने पाहिलं. अमेरिकन फुटबॉलमधल्या मायामी डॉल्फिन्स संघाचा क्वार्टरबॅक टुआ टागोव्हाइलोआ २५ तारखेच्या सामन्यात मागे पडला, डोकं जमिनीवर आपटलं. उठला, डोकं झटकलं, दोन पावलं धावला आणि पाय दुमडले, सहकाऱ्यांनी धरलं. नंतर तो पुन्हा खेळायला आला. पाठ दुखावल्यामुळे तोल गेला, असं कारण देण्यात आलं. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला पुन्हा जमिनीवर आपटलं गेलं, आणि तो तसाच पडून राहिला, दोन्ही हात चेहऱ्यासमोर, बोटं वाकडी होऊन ताठरलेली. मेंदूला जबर धक्का बसल्याची ही खूण टीव्हीवर कोट्यवधींनी पाहिली. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. खेळाडूंच्या संघटनेने पहिल्या सामन्यात त्याला तपासणाऱ्या तज्ज्ञाला काढून टाकलं, आणि ऑक्टोबरात एनएफएल या व्यावसायिक लीगने नियम बदलला: तोल गेलेला दिसला की कारण काहीही सांगा, त्या दिवशी खेळ बंद. डिसेंबरात टुआला पुन्हा कन्कशन झालं. निवृत्तीचा विचार त्याने केला, पण निवृत्ती घेतली नाही. हंगामानंतरच्या सुट्टीत तो जुजुत्सू शिकला, डोकं न आपटता पडायचं कसं हे कळावं म्हणून. आपल्या तालमीत पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात ते त्याने व्यावसायिक झाल्यावर शिकून घेतलं. २०२४ च्या सप्टेंबरात त्याला पुन्हा कन्कशन झालं, आणि काही आठवड्यांत तो पुन्हा मैदानात होता.

पहिल्या जखमेतून मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला, की क्वचित, बहुतेक कोवळ्या वयात, मेंदूला भयंकर सूज येते. हे नेमकं किती वेळा होतं, त्याला स्वतंत्र विकार म्हणावं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण त्या मोजक्या घटनांनी कायदे बदलले. वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेड २००६ मध्ये १३ वर्षांचा असताना मार लागूनही त्याच सामन्यात परत खेळला आणि कायमचा अधू झाला. २००९ मध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला, आणि २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तसे कायदे आले. कॅनडातली रोवन स्ट्रिंगर १७ व्या वर्षी, २०१३ मध्ये, रग्बी खेळताना थोड्या दिवसांत डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागून गेली. ओंटारिओत २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. दोन्हींचा गाभा एकच: संशय आला की बाहेर, आणि लेखी परवानगीशिवाय आत नाही. आपल्याकडे शालेय खेळांना बांधणारा असा कायदा नाही.

इथवर पहिला प्रश्न. आता दुसरा, जिथे जमीन भुसभुशीत आहे.

१९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांमधल्या 'पंच ड्रंक' अवस्थेचं वर्णन केलं. पुढची कित्येक वर्षं तो मुष्टियुद्धाचा आजार म्हणून बाजूला ठेवला गेला. मग २००२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा माजी अमेरिकन फुटबॉलपटू माईक वेबस्टर ५० व्या वर्षी वारला आणि बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत तेच सापडलं. आज त्याला सीटीई म्हणतात. निदान मृत्यूनंतर मेंदू कापूनच होतं. बॉस्टन विद्यापीठाच्या ॲन मॅकी यांनी २०१७ मध्ये एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांत सीटीई आढळल्याचं मांडलं. हा आकडा सगळीकडे छापून आला. त्याच्यामागचं वास्तव कमी छापून आलं. ज्या घरांना काहीतरी बिनसल्याचं जाणवत होतं, त्यांनीच ते मेंदू दान केले होते. त्यामुळे दर १११ खेळाडूंत ११० असं मुळीच नाही. मात्र जोखीम नाही, असंही नाही. त्याच संग्रहाचा पुढचा अभ्यास सांगतो, की खेळलेल्या दर वर्षामागे सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. आणि तिचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येपेक्षा एकूण बसलेल्या धक्क्यांशी जास्त आहे, ज्यांतल्या बहुतेकांनी लक्षणंही दाखवली नव्हती.

हा मुद्दा पुरेसा पोचलेला नाही. खेळाडू कन्कशन मोजतो, 'माझे दोनच झालेत' म्हणतो. सरावात रोज बसणारे शेकडो छोटे धक्के कुणी मोजत नाही.

याहून भक्कम पुरावा ग्लासगोहून आला. २०१९ मध्ये विली स्ट्यूअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची नोंद तपासली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी त्यांचे मृत्यू इतरांच्या साडेतीनपट. पण हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने ते इतरांपेक्षा कमी मेले. २०२१ मधल्या पुढच्या भागात तर जागेनुसार फरक दिसला: सतत हेडिंग करणाऱ्या बचावपटूंना धोका सर्वाधिक, गोलरक्षकांमध्ये लक्षणीय वाढ नाही. खेळाने आयुष्य वाढतं आणि डोक्यावरच्या माराने मेंदू झिजतो, दोन्ही एकाच अहवालात आहे.

मग कुणी थांबावं? हार्वर्डचे डॉ. ऑगस्टस थॉर्नडाइक यांनी १९५२ मध्ये तीनदाचा नियम मांडला होता, आणि 'तीन झाले की बस' हे अजून लोकांच्या तोंडी आहे. आजचे तज्ज्ञ आकड्याला बांधून घेत नाहीत. ते बघतात ते असं: आधीपेक्षा हलक्या धक्क्याने लक्षणं यायला लागली का? प्रत्येक वेळी बरं व्हायला जास्त दिवस लागतात का? दोन दुखापतींमधलं अंतर कमी होतंय का? मधल्या काळात डोकेदुखी, विसराळूपणा, उदासी पूर्ण गेलीच नाही असं आहे का? एमआरआयमध्ये काही कायमची खूण आहे का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना होकार आला तर बहुतेक डॉक्टर थांबायला सांगतील. सगळ्यांना नकार असेल तर दोन कन्कशन झालेला खेळाडूही खेळू शकतो.

या मोजमापात माणसं कशी वेगवेगळी बसतात बघा. आइस हॉकीपटू सिडनी क्रॉसबी २०११ च्या जानेवारीत जखमी झाला, दहा महिन्यांनी परतला, काही सामन्यांत लक्षणं उलटली, पुन्हा थांबला; आणि नंतर २०१६ व २०१७ मध्ये संघाला स्टॅन्ली कप जिंकून दिला. त्याच खेळातल्या एरिक लिंड्रॉसची कारकीर्द कन्कशनवर कन्कशन होत २००७ मध्ये संपली. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट तर १९९६ मध्ये, विशीतच निवृत्त झाला. क्रिस बोरलँड हा २४ वर्षांचा एनएफएलपटू २०१५ मध्ये एकच हंगाम खेळून, कुठलाही मोठा त्रास नसताना बाहेर पडला. त्याने पुढची वर्षं मोजली आणि सौदा नाकारला. क्रिकेटमधला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज विल पुकोव्हस्की भारताविरुद्ध जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत पदार्पणातच ६२ धावा करून गेला. ती त्याची एकमेव कसोटी. डोक्याला मार लागण्याचं त्याचं दुष्टचक्र शाळेतल्या फुटबॉलपासून सुरू झालं होतं. मार्च २०२४ मध्ये एका उसळत्या चेंडूने ते संपवलं, आणि २०२५ मध्ये, २७ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. त्रास तेव्हाही गेलेला नव्हता.

बोरलँडला पदवी होती, पर्याय होता. आपल्याकडच्या कबड्डीपटूचा हिशेब निराळा आहे. महाराष्ट्रात गुणवान खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. राज्य स्पर्धेतलं एक प्रमाणपत्र म्हणजे पोलिसात, रेल्वेत लागण्याची वाट. तेव्हा अठरा वर्षांच्या पोराला 'हा हंगाम सोड' म्हणणं म्हणजे कदाचित घरातली पहिली कायमची नोकरी सोड म्हणणं. त्याने डोकेदुखी लपवली तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही. असा निर्णय प्रशिक्षक, संघटना, किंवा ज्याला त्याच्या पदकाचा उपयोग आहे अशा कुणावरही सोपवू नये. आणि तो दुखापतीनंतरच्या पहिल्या आठवड्यांतही घेऊ नये, कारण तेव्हा झोप उडालेली, मन उदास आणि विचार मंद असतात. खेळ सोडायचा असो की चालू ठेवायचा, दोन्हीसाठी तो काळ वाईट.

शिवाय 'खेळणं की सोडणं' एवढे दोनच पर्याय नसतात. हंगाम सोडता येतो. जागा बदलता येते. धडकेचा सराव कमी करून सामने खेळता येतात. पंच होता येतं, प्रशिक्षक होता येतं. खेळच बदलता येतो, आणि चांगली पायगती असलेल्या चढाईपटूला लांब उडीत किंवा बॅडमिंटनमध्ये कुणी अडवत नाही.

हेल्मेटकडून फार आशा ठेवू नये. ते कवटी वाचवतं, हिसका नाही. हौशी मुष्टियुद्धाने २०१३ मध्ये पुरुषांचे हेडगार्डच काढून टाकले. दातांवरचा माउथगार्ड आइस हॉकीत थोडा उपयोगी दिसला आहे. खरा फरक पडतो तो धडका कमी केल्याने: मुलांच्या आइस हॉकीत अंगावर धडक मारायला बंदी घातली तिथे कन्कशन ५८ टक्क्यांनी कमी झाले, अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुटबॉलमध्ये हेडिंगच करू देत नाहीत. रग्बीत मानेचे आणि तोलाचे व्यायाम असलेला वॉर्म-अप नियमाने केला तर प्रमाण घटतं. आपल्या किशोर आणि कुमार गटांत पूर्ण जोराची पकड आठवड्यातून दोनच दिवस ठेवली, बाकीचे दिवस पायगती, दम आणि डावांवर घालवले, तर खेळ बिघडणार नाही. प्रशिक्षकांच्या एखाद्या शिबिरात हे ठरवता येण्यासारखं आहे, आणि त्यासाठी दिल्लीहून पत्र यायची गरज नाही.